एकास साडेतीनशे

गॉस्पोर्टला, मेथडिस्ट चर्चच्या मागच्या खोलीत,
महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी
आम्ही नऊ जण युद्धनौका मागतो.
देवाकडे नाही. कंपन्यांकडे.

मी दातांची डॉक्टर. मला आत घेतलं माझ्या चिमट्यांमुळे,
आणि पितळी पत्र्यातले केसाएवढे जिने
न मोडता वाकवते म्हणून.
पहिल्याच दिवशी ग्लेनिसनं विचारलं, तुझी यादी?
मला वाटलं, किराणा.

इथे प्रत्येकाची यादी असते.
ट्रेव्हरची छापील, रकान्यांची,
दर डिसेंबरात सुधारून वाढवलेली आवृत्ती.
ग्लेनिसची डोक्यात: फक्त सुरुंग काढणाऱ्या बोटी,
त्याही लाकडी, कारण लोखंड सुरुंगाला लांबून कळतं.
आणि ऑल्विनची पेन्सिलीची,
हिशेबाच्या वहीत, पाठकोऱ्या पानावर,
अठ्ठ्याऐंशी सालापासून.

जानेवारीत घोषणा होतात.
चहा निवतो, बिस्किटं सादळतात.
न आलेल्या क्रूझरच्या न आलेल्या डेकला
कुठला करडा द्यायचा, यावरून
ट्रेव्हर आणि डेरिक सहा आठवडे बोलत नव्हते.
बाजारात तुरी, मी म्हणाले, मराठीतच,
आणि का कोण जाणे, सगळ्यांना कळलं.

जूनमध्ये, उजेड रेंगाळलेल्या एका संध्याकाळी
खिडकीतून खरी विनाशिका जाताना दिसली,
डेकवर पोरं रांगेत उभी, टोप्या सावरत.
डेरिकनं चष्मा वर केला.
मास्ट चुकलाय, म्हणाला.
किटचा की जहाजाचा, ते मला अजून माहीत नाही.

एकास साडेतीनशे.
माणूस पाच मिलिमीटरचा, आंबेमोहोराचा दाणा.
एकदा झोप येईना तेव्हा मी काळालाही हाच भाग देऊन पाहिला:
वर्षाचा उरतो एक दिवस, वर तासभर.
म्हणजे ऑल्विन अडतीस दिवस थांबलाय.
असं मांडलं की फार वाटत नाही.

त्याच्या यादीत अकरा नावं होती.
दहा खोडली गेली, त्यातलं एक तर दोनदा.
उरलं सगळ्यात वरचं:
एक टग. बुटका, तोफ एकच, तीही उसनी वाटावी अशी.
त्याचा बाप तिच्यावर स्वयंपाकी होता,
दुसऱ्यांची मोडकी जहाजं घरी ओढून आणणाऱ्यांसाठी
लढाईभर बटाटे सोलत.
टग घेणार कोण, असं कंपनीनं कळवलं होतं एकदा,
पुष्कळ सभ्य शब्दांत. ते पत्र त्यानं जपून ठेवलंय.

यंदाही तीच आली, अवाढव्य जर्मन,
जी प्रत्येकाकडे दोन-दोन आहे,
फक्त आता तोफांच्या नळ्या पोकळ.
ऑल्विन हसला, पेन्सिल काढली.
ती हल्ली कागदावर टेकण्याआधी
दोन-तीनदा हवेतच लिहिते.
मी लोकांची तोंडं बघते, हात नाही.
तरी दिसतंच.

माझी यादी? अजून एकाच ओळीची:
कुणीतरी डब्यात पाणी द्यावं.
शेकडो तुकडे देतात, नांगर देतात, साखळ्या देतात,
पाणी कुणी देत नाही.
ट्रेव्हरनं ते गंभीरपणे रकान्यात भरलं.

कपबशा धुताना ऑल्विन म्हणाला,
आलीच, तर रेलिंग तू करशील?
करीन, म्हटलं.
त्यानं मान डोलावली, एक कप पुसला,
मग तोच परत पुसला.

पुढच्या गुरुवारी वही उघडीच पडली होती.
टगच्या नावासमोर माझं नाव,
मृण्मयीतला एक वाय गाळलेला,
अक्षरं नांगर सुटल्यासारखी उताराला लागलेली.
मी दुरुस्त केलं नाही.
डेरिक ओरडत होता, दिवा कुणी मालवला,
आणि माझ्या बोटाला गोंद लागला होता.