केवळ वाचनासाठी

शिवाजीनगर कोर्टासमोर, झेरॉक्सच्या दोन मशिनांमध्ये
माझं टेबल. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, वारसनोंदी.
पासष्ट-बचं प्रमाणपत्र इतक्यांदा टाइप केलंय
की बोटांना पाठ आहे. आता कलम त्रेसष्ट झालं,
आणि खाली एक रकाना वाढला: हॅश व्हॅल्यू.
चौसष्ट अक्षरं. एक चुकलं तर सगळंच खोटं.
कुदळे वकिलांना विचारलं, हे येतं कुठून?
म्हणाले, "तू फक्त टाइप कर."

बाणेरला एक संस्था शिकवते. काचेची इमारत,
पाच दिवस, एक लाख ऐंशी हजार, जेवणासकट.
मी जेवण वजा करून विचारलं.
रिसेप्शनवरची मुलगी हसली. वाईट नव्हती ती.

मग जुना बाजार. रविवारी, ऊन चढायच्या आत,
नळाच्या तोट्या आणि जोडीदार हरवलेल्या चपला,
त्यांच्या शेजारी रियाजभाईंच्या हार्ड डिस्कचा ढीग.
ऐंशी जीबीची एक, दीडशेला.
"चालू आहे का?"
"ताई, चालू असती तर इथं आली असती का?"
चालू होती.

पहिला नियम, मुळाला हात लावायचा नाही.
आधी प्रत घ्यायची, बिट न् बिट,
आणि डिस्कला शब्द द्यायचा
की तुझ्यावर माझ्याकडून काही लिहिलं जाणार नाही.
तो शब्द पाळणारं यंत्र मिळतं, पस्तीस हजारांना.
माझ्याकडे एक कमांड आहे.
एंटर दाबायच्या आधी मी ती तीनदा वाचते,
जसं आई दुधाखालचा गॅस बंद केला का ते बघते.

अभ्यासिका सदाशिव पेठेत. महिना नऊशे, चार्जिंगचे वेगळे.
शेजारचा परभणीचा मुलगा पंचवार्षिक योजना पुटपुटतो.
"ताई, कुठल्या पोस्टची तयारी?"
पुसलेलं शोधायची, म्हटलं.
तो जरा सरकून बसला.

परीक्षेत पुस्तक उघडं चालतं, पण शोधायला वेळ नसतो.
म्हणून सूची करतेय, लेकीच्या पाचवीच्या वह्यांतली
कोरी पानं शिवून. 'र'खाली रजिस्ट्री,
'क'खाली कचरापेटी: दर वस्तूमागे दोन फायली,
एकीत माल, दुसरीत तो कुठला, कधी टाकला.
'श'च्या पानावर लेकीनं मोर काढलेला निघाला.
तो तसाच आहे. शून्य मोराच्या पायाशी लिहिलं.

डिस्कवर एका शिकवणीची हजेरी होती, गॅसच्या पावत्या,
आणि एक लग्नपत्रिका. सतरा मसुदे.
पाचव्यात कार्यालय बदललं, कोथरूडचं धायरीला गेलं.
अकराव्यात 'कृपया आहेर आणू नये'.
सतराव्यात वधूच्या नावाच्या जागी नुसती टिंबं.
पुसली: तीन फेब्रुवारी, रात्री दोन चौदा.

मी टाइमलाइन काढली. सराव म्हणून.
मग बराच वेळ तो सराव राहिला नाही.
चहा निवला. त्या घरात दोन चौदाला
कोण जागं होतं, कोण झोपल्याचं सोंग घेऊन होतं,
मला सगळं दिसायला लागलं, आणि तिथंच चुकत होतं.
अहवालात दिसलेलं लिहायचं, सुचलेलं नाही.
तेव्हा लिहिलं:
'घर' नावाच्या खात्यातून फाइल पुसली गेली.
कळफलकावर कोणाची बोटं होती
हे या पुराव्यावरून सांगता येत नाही.

अकरा वर्षं टाइप करतेय. हे वाक्य लिहिलं.

मग डिस्क शून्यांनी भरली, या टोकापासून त्या टोकापर्यंत,
आणि प्रतही. पाऊण तास दिवा लुकलुकत होता.
चौसष्ट अक्षरं तेवढी वहीत ठेवली;
त्यांच्यातून मागे, त्या पत्रिकेपर्यंत
कुणालाच जाता येत नाही, मलाही.

फीला अजून अकरा हजार कमी आहेत.

सोमवारी कुदळे वकिलांचं प्रमाणपत्र आलं, तातडीचं,
अशील दारात उभा, तारीख पुकारायला वीस मिनिटं.
मी रकान्यावर पट्टी ठेवली, मोजलं, पुन्हा मोजलं.
"साहेब," म्हटलं, "बासष्टच आहेत."