गट ब

समितीत मी एकटीच अशी
जिने कधी कुणाची नाडी धरलेली नाही.
अमळनेरला एकतीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं,
फळ्यावर घंटेसारखा वक्र काढला, पुसला.
आता सिकलसेलच्या नव्या गोळीचे आकडे
दर तीन महिन्यांनी येतात माझ्याकडे, सीलबंद.
कंपनीला ते दिसत नाहीत,
गोळी देणाऱ्या डॉक्टरांनाही नाही.
अ आणि ब. एकशे बारा पोरांना मिळून दोन अक्षरं.

दिवाळीत कंपनीकडून रावेरची केळी आली,
अख्खा घड. मी परत पाठवला.
बोरसेकाकू म्हणाल्या, "केळाच त शेतस, त्यामा काय?"
काय सांगणार?

या खेपेला ब मध्ये यकृताचे आकडे चढलेत.
सहा पोरं. अ मध्ये एक.
योगायोग असेल.
योगायोगाशी माझी जुनी ओळख आहे,
एकाच दारात तो सहादा सहसा येत नाही.

पुढची बैठक मार्चमध्ये.
मी भाचीच्या साखरपुड्याला निघालेली,
दोंडाईच्याच्या स्टँडवर, दिवेलागणीला.
बाकड्यावर शेजारी एक बाप, टोपी घातलेलं पोरगं,
आणि त्याच्या हातात
आमच्या चाचणीचं हिरवं कार्ड.
"बाई, वाचा ना. गोळी जेवणाच्या आधी का मागून?"
"जेवणानंतर," मी वाचलं.
"विकेश, ऐकलं ना?"
विकेशनं वर पाहिलं.
डोळे पिवळे होते
की स्टँडवरचा दिवा पिवळा होता?
शिवाय या आजारात डोळे तसेही पिवळे होतात,
हेही मला माहीत होतं. सगळंच माहीत होतं,
फक्त त्याचं अक्षर सोडून.

जे कुणीही सांगितलं असतं तेवढंच सांगितलं:
"मागे फोन नंबर आहे. लघवी गडद झाली,
पोट दुखलं, तर रात्रीसुद्धा लावा."
त्यानं नंबरावर बोट ठेवून पाहिलं,
कार्ड खिशात घातलं. त्यांची शहाद्याची गाडी लागली.

मी साखरपुड्याला गेले नाही.
चौकशीच्या खिडकीशी उभी राहून अध्यक्षांना फोन केला:
बैठक मार्चमध्ये नको, आज रात्री.
ते म्हणाले, "सहाच तर आहेत."
मी म्हटलं, "म्हणूनच आज."

रात्री दीडला आमचं पत्र गेलं, तीन ओळींचं.
गोळी थांबवा. नवीन पोरं घेऊ नका.
सगळ्यांचं रक्त पुन्हा तपासा.

विकेश अ मधला की ब मधला, मला कळलं नाही,
कळायचा नियमही नाही.
दोंडाईच्याला उतरले की अजून
मी आधी त्या दिव्याकडे बघते.
तो पिवळाच आहे.
त्यानं काही सिद्ध होत नाही.