नोंद आढळून येत नाही

अमळनेर कोर्टाच्या फाटकाबाहेर
रसवंतीला लागून माझं टेबल.
टायपिंग, झेरॉक्स, भाषांतर, प्रतिज्ञापत्र.
अलीकडे निम्मं गिऱ्हाईक अमेरिकेचं.

मांडळहून सुपडाबाई आल्या.
मुलगा तिकडचा नागरिक झालाय, आईला बोलावतोय.
जन्मदाखला?
“बोरीले पूर उना त्या सालना जनम शे मना.”
कोणता पूर, आजी?
“मोठा.”
ग्रामपंचायतीनं गोल शिक्क्यासकट लिहून दिलंय :
नोंद आढळून येत नाही.
मग दोन साक्षीदार लागतील, म्हटलं, वयानं मोठे,
तुमचा जन्म ठाऊक असलेले.
त्या हसल्या, उरलेल्या चार दातांनी.
“त्या समदा गयात.”

आधीची तीन गेली म्हणून
ही चौथी जन्मताच सुपात घातली,
सुईणीला पायलीभर बाजरी देऊन
आईनं परत विकत घेतली.
म्हणून सुपडी.
सगळी नोंद नावातच आहे,
पण अर्जात तिला रकाना नाही.
वर स्पेलिंगं तीन :
पासपोर्टवर एक, मतदार यादीत दुसरं,
मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर तिसरं.
मी टाइप करते,
वरील तिन्ही नावांची व्यक्ती एकच आहे.
कसं कोण जाणे, पण आहे.

मग रोशनी, जानव्याची सून.
नवरा लग्नानंतर अकराव्या दिवशी विमानात.
“ताई, वकील विचारतात, लग्न खरं कशावरून?”
अल्बम आणलेला. दोनशे चाळीस फोटो.
मामांचे फेटे, वरण-बट्टीच्या पंगती,
आहेराची भांडी रांगेत मांडलेली,
आणि दोघंच दोघं असा एकही नाही.
प्रत्येकात मधे सासूबाई.
एकत्र खातं? घरभाड्याचा करार?
अकरा दिवसांत कोण करार करतं, ताई.

बरं, त्याचं तुला काय ठाऊक आहे?
ती नखानं टेबलाचा रंग खरवडते.
झोपेत दात खातो.
भरीत मिळमिळीत झालं तर बोलत नाही,
नुसतं मीठ मागतो.
पहाटे फोन लावतात, तिकडे संध्याकाळ असते,
आणि न बोलता आपापली कामं करतात.
तिला त्याच्या नळाचं पाणी ऐकू येतं,
त्याला तिची भाकरी थापलेली.
लिही, मी म्हटलं.
“हे?”
हेच.

फाइल बांधून झाल्यावर,
चपलेत पाय घालता घालता तिनं विचारलं :
“पहिलं कार्ड दोनच वर्षांचं असतं म्हणे.
तेवढ्यात आमचं नाहीच जमलं, तर?”
मी वकील नाही, रोशनी.
ऐकलंय, बाईला एकटीनंही अर्ज करता येतो.
पण हे वकिलाला आधी विचार,
आणि सासूबाई सोबत नसताना विचार.

माझीही एक पावती आहे,
ड्रॉवरमध्ये, जुन्या कार्बनखाली.
भावानं माझ्यासाठी अर्ज भरला
तेव्हा मुक्ता सहा वर्षांची, मोरी धुवायला घाबरायची.
ती रांग पुढे सरकते, थांबते,
कधी कधी मागेही येते,
जळगावच्या गाडीत जागा धरणाऱ्या बाईसारखी
मी पंधरा वर्षं रुमाल टाकून बसलेय.
येत्या मार्चमध्ये मुक्ताला एकवीस पूर्ण.
मग ती बहुधा माझ्या कागदातून गळेल.
काही दिवस वजा करतात म्हणे, हिशोब असतो.
तो मी दोनदा केला. दोनदा वेगळा आला.

मुक्ता डबा घेऊन येते,
सुपडाबाईंचा कागद उचलते,
तिसरं स्पेलिंग माझंच चुकलंय, दाखवते.
मग खुर्ची ओढून, डब्याचं झाकण उघडता उघडता,
“आई, तुझा नंबर लागलाच
आणि माझा नाही, तर जाशील?”

शेजारी यंत्राची घुंगरं वाजतायत.
चिपाडं दुसऱ्यांदा आत घातलीत.
मी म्हणते, दोन ग्लास सांग,
माझ्यात बर्फ नको.