आठ वाजताचा केर

शुक्रवार हाच आमचा रविवार.
रुवीतल्या त्या आवारात मराठी मंडळीला
तीन ते साडेचार मिळतात.
आधी फिलिपिनो पोरांच्या गिटारी,
नंतर तमिळ मंडळी, जी सव्वाचारलाच
दाराशी चपला काढते आणि मुद्दाम खोकते.
तेवढ्यात सुमंत उपदेश करतो, प्रभुभोजन उरकतो
(उरकतो म्हटलेलं त्याला आवडत नाही)
आणि मी खुर्च्या मोजते.
सव्वीस होत्या. दोन जोडपी कॅनडाला गेली.
बावीस.

घरी त्याचं टेबल खिडकीशी.
खिडकीत डोंगर, ज्याच्यावर गवताची काडी नाही.
एसीचं पाणी बादलीत ठिबकतं,
ते मी कढीपत्त्याला घालते.
कढीपत्ता जगलाय.
त्याच्यावर एक उपदेशही होऊन गेलाय.

केराबाईवर मात्र मी होऊ दिला नाही.

केराबाई समोरच्या व्हिलात कामाला, शेवगावकडची.
शुक्रवारी तिच्याकडे पाहुणे असतात,
बाकीचे सहा दिवस पाहुण्यांची भांडी.
बाहेर पडायचं ते रात्री आठला, केर टाकायला.
आधीची दोन भावंडं जगली नाहीत,
म्हणून हिला उकिरड्यावर ठेवून उचललं आईनं
नि नाव ठेवलं हे.
"नावाला जागले बघा, पाळकीणबाई," म्हणायची
आणि पिशवीची गाठ आवळायची.

सहा मिनिटं.
सातव्याला मॅडम बाल्कनीत येते.
मीही पिशवी घेऊन खाली उतरायचे.
दोन माणसांच्या घरात रोज एवढा केर होतो कुठे?
जुने कागद कोंबायचे,
आणि एकदा, देव क्षमा करो, चांगला अर्धा कोबी.

नगरपालिकेच्या डब्यापाशी, मांजरं पायात येत असताना
आम्ही उघड्या डोळ्यांनी प्रार्थना करायचो.
तिच्या लेकीचं दहावीचं गणित.
नवऱ्याचा मणका.
मॅडमच्या सासूचा गुडघा.
"म्हातारी बरी आहे हो, तिलाही घाला त्यात."

मग ती आली नाही.
नऊ दिवस.
दहाव्या दिवशी तीच निळी पिशवी
दुसऱ्याच बाईच्या हातात.
"केरा?" मी विचारलं.
तिनं तळहाताचं विमान केलं
आणि ते डोंगरापलीकडे सोडून दिलं.

त्या रात्री मी सुमंतशी भांडले.
तो म्हणाला, देवाची काही योजना असेल.
मी म्हटलं, योजना असू दे रे,
मी तिचा फोन नंबर कसा नाही घेतला?
वर्षभर. सहा-सहा मिनिटं.
सगळी वेळ देवाशीच बोलत राहिलो आम्ही दोघी.
आता तिच्यासाठी काय मागू?
तिचा मणका की लेकीचं गणित,
की तिला कोणी मारलं का, ते विचारू?
कोणत्या गावात, कोणत्या दारात पोचवू?

त्यानं उत्तर दिलं नाही.
पाळकाला उत्तर सुचत नाही तेव्हा तो चष्मा पुसतो.
बराच वेळ पुसला.

दुसऱ्या दिवशी आठला पाच कमी असताना
तो चपला घालून उभा.
हातात टेबलाखालची टोपली,
चुरगळलेल्या उपदेशांनी शिगोशीग.
"आज माझा केर आहे," म्हणाला.
जिन्यात दिवा नव्हता. त्यानं माझा हात धरला नाही,
टोपली धरली होती दोन्ही हातांनी,
पण पायरी आली की "पायरी" म्हणत होता.

ती आली. नाव त्सिगे.
भाषा एकही जुळेना,
मांजरं तेवढी ओळखीची.
सुमंतनं खिशातलं पेन काढून तिच्यापुढे केलं.
मी तळहात धरला.
आठ आकडे, घाईत, शेवटचा मनगटावर गेलेला.
वर बाल्कनीचं दार सरकलं.

प्रार्थना राहिली त्या दिवशी.

रात्रीची भांडी मी
डाव्या हातानं घासली.