भुताच्या घराबाहेरचं दुकान

चंद्रलोक पार्कात तेव्हा चार दुकानं होती
आणि चारींना चार वास.
चाच्यांच्या जहाजाशेजारी ओल्या सुतळीचा,
परीमहालाच्या पायरीशी स्वस्त अत्तराचा,
जंगलगाडीच्या थांब्यावर लाकडाच्या भुशाचा,
आणि भुताच्या घरातून किंचाळत बाहेर पडलं
की समोरच येमूल मामा,
त्यांच्या दुकानाला जुन्या पुठ्ठ्याचा.

मामा मूळचे कार्ड पाडणारे.
जेकार्ड मागाची लांबट कार्डं, भोकाभोकांची,
अख्ख्या चादरीचा मोर त्या भोकांत दडलेला.
कारखान्यात कॉम्प्युटर आला, कार्डं रद्दीत गेली.
मामा रद्दीवाल्याच्या मागोमाग साखर पेठेपर्यंत चालत गेले
आणि दोन पोती सोडवून आणली.

त्यांचे मुखवटे झाले.
हडळ, मुंजा, खवीस,
आणि फक्त सोलापुरात मिळणारं एक भूत:
तिसऱ्या पाळीचा जॉबर,
बंद मिलमध्ये हिंडतो
आणि दिसेल त्याला म्हणतो, धागा तुटलाय, जोडून दे.
त्याला म्हणे डोकंच नव्हतं.
मग मुखवटा कसला, असं मी विचारलं
तर मामा म्हणाले, म्हणून तर त्याला पाहिजे.

उन्हात उभं राहिलं की
पोराच्या गालांवर उजेडाचे ठिपके.
मामा मुखवटा उलटा करून भोकं मोजायचे,
"ह्यो हत्तीचा पाय. ह्ये कमळाच्या पाकळीचं टोक.
पोरगं तुमचं कमळ घालून हिंडतंय बघा, अक्का."

मी तिकिटं फाडायची.
दुपारी शुकशुकाट असला की मुखवट्यांना रबर ओवायची,
डझनाला तीन रुपये
आणि वर कडक भाकरीचा तुकडा, शेंगाचटणी लावून.

खोटं कशाला सांगू,
घाम आला की खवीसाचा रंग पोरांच्या नाकावर यायचा.
आया भांडायला परत यायच्या.
पावसाळ्यात माल मऊ पडायचा, पापडासारखा.
अकरा मुखवटे खपले
तर तो दिवस मामा आठवडाभर सांगायचे.

मग नवे मालक आले.
एकच दुकान, म्हणाले, बाहेर पडायच्या वाटेवर,
म्हणजे कुणी चुकणार नाही.
आता निळी टोपी, तिच्यावर चंद्र.
निळा कप, चंद्र.
टेडी, त्याच्या पोटावर चंद्र.
जहाजातून या, जंगलातून या, भुताच्या तावडीतून सुटून या,
हातात तोच चंद्र घेऊन घरी जा.

निरोपाला मामांनाही एक टेडी मिळाला.
त्यांनी तो पालथा केला, शिलाईवरून नख फिरवलं,
"मशीनचं काम," म्हणाले.
चांगलं म्हणाले की वाईट, मला कळलं नाही.

मी बिलिंगला आहे आता.
पगार एक तारखेला, एसी, खुर्चीला पाठ.
दिवसभर बारकोडवर लाल उजेड मारते
आणि कधीतरी वाटतं मामांना विचारायचं राहिलं,
ह्या काळ्या पट्ट्या मागावर चढवल्या
तर काय विणून येईल?

परवा एकजण आला, मुलीला कडेवर घेऊन.
"इथं भुताचं दुकान होतं ना ओ?"
हेच म्हटलं, सगळ्यांचं मिळून.
"नाही, ते..." त्याला शब्द सापडेना.
त्यानं दोन्ही पंजे, जमेल तसे, तोंडापुढे धरले,
बोटं फाकवली,
आणि फटींतून मुलीकडे बघितलं.

ती किंचाळली. मग हसली. मग परत म्हणाली.

टोपी घेतलीच त्यांनी, दोनशे एकोणपन्नास.
दारातून जाईपर्यंत ती टोपी मुलीच्या एका कानावर लोंबत होती
आणि ती बापाचे हात ओढून ओढून
त्याच्याच तोंडावर ठेवत होती.