शीत

परळच्या ओपीडीत डॉक्टर टिपणीस चष्म्यावरून बघतात.
भात नाही, पोळी नाही, मग खाता काय?
बांगडा, म्हणतो मी. अंडी. तुपातली मेथी.
रविवारी माहीमच्या हिराबाईकडचे खेकडे,
ती हल्ली विचारते, भाऊ, दुप्पट घेताय, पाहुणे आलेत?

तुपाशी त्यांचं पेन अडतं.
किडनी, म्हणतात. कोलेस्टेरॉल. आणि हे टिकणार किती दिवस?
प्रश्न खोटा नाही.
मलाही पडतो, रोज सव्वाआठला,
वरच्या मजल्यावर कुकर शिट्टी देतो
आणि आंबेमोहोर जिन्याने खाली उतरतो.

पण नऊ पॉइंट दोनची साखर सहावर आली.
तळपायांची आग विझली.
दोन गोळ्या तुम्हीच खोडल्यात ना, मार्चमध्ये?

एका माणसावरून काही सिद्ध होत नाही.
बरोबर.
पण शितावरून भाताची परीक्षा
आईने स्टोव्हपाशी उभं करून शिकवली मला.
भात सोडला, डॉक्टर, शीत मीच आहे.
दाबून बघा.

ते हसत नाहीत.
लिहितात: रुग्णाचं स्वतःच्या मनाने पथ्य.
किडनीची एक तपासणी वाढवतात.
ती मी करणार.
तूपही लिहा म्हटलं,
दोन चमचे.