आतून

मे महिन्यात, दुपारी तीनला, गोळीबार चौकात
सावलीसुद्धा शटर ओढून झोपलेली असते.
मी डिक्कीच्या बटणावर अंगठा दाबते.
आत काहीतरी खोकतं आणि गप्प होतं.

आत दोनशे अकरा चष्मे आहेत.
उद्या आठ वाजता काटोलला शिबिर.
कालपासून ढकलून झालं, उचलून झालं,
कमरेनं धक्का मारून झाला,
वहिनीच्या सांगण्यावरून गार पाण्याची बादलीही ओतली.
पाणी वाळलं. डिक्की तशीच.

बारापात्रेजी पायरीवर बसलेले,
डोक्याला ओला दुपट्टा, खिशात उन्हासाठी कांदा.
"केव्हापासून नाही उघडून रायली?"
"काल. पण कुरकुर दिवाळीपासून होती."
"मंग दिवाळीतच याले काय झालं होतं?"
ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यांनी काचेवर कान लावला,
मला म्हणाले, दाबा. पुन्हा दाबा.
"मोटर फिरते. समोर कोणी ऐकून नाही रायलं तिचं."
मग मी हँडल ओढत होते ते पाहून, जरा रागानंच,
"सोडा न ते! बाहेरून ओढून काई होत नसते, मॅडम.
आतून जा लागते."

मागची सीट पाडली.
खोकी डावी-उजवीकडे सरकवून साठीचा माणूस
पोटावर आत शिरला.
बाहेर उरल्या फक्त दोन टाचा,
उन्हाळ्यातल्या तळ्याच्या मातीसारख्या.

"दहाचा पाना."
हेमराजनं दिला, वर मोबाइलचा टॉर्च मारला.
"बंद कर तो. उजेडानं काई फरक नाही पडत.
जवळचं दिसतच नाही मले, चार वर्षं झाले."
"अहो, तुम्ही चष्म्यांवरच झोपलेले आहात!"
आतून नुसता पत्र्याचा आवाज.
एक क्लिप तुटली. एक शिवी अर्धीच राहिली, माझ्यामुळे.

मग, कोणी विचारलं नसताना, अंधारातून:
"बाबा मागावर होते. टांडापेठेत.
लाइट गेली की आई म्हणे, उठा आता.
ते नाही उठत.
तुटलेला धागा बोटानं हुडकत, गाठ मारत,
सकाळी पदर पाह्यला तर गाठ कुठं होती
त्यायलेच नाही सांगता येत."
थोडं थांबून:
"तुमची दोरी तुटली, मॅडम. एवढीशी.
हेमराज, लुनाच्या ब्रेकची वायर आण,
जुनी. नवी नको, नवी वाकत नाही."

किती वेळ गेला कोण जाणे.
समोरच्या कूलरचं पाणी संपून
त्याचा नुसता पंखा खडखडायला लागला होता.

खट्.

डिक्की वर गेली, सावकाश,
जणू कधी अडलीच नव्हती.
आतून पुठ्ठ्याची, रबराची, तापलेल्या माणसाची वाफ आली,
आणि खोक्यांच्या मधोमध बारापात्रेजी,
उताणे, घामानं निथळत,
डोळ्यांवर आडवा हात धरून.

मी वरचंच खोकं फोडलं. दोनचा नंबर काढला.
"घाला. फक्त बघा."
"कायले?" म्हणत घातला.
आधी स्वतःचा अंगठा पाहिला, उलटा, सुलटा,
नखाखालचं रक्त कधी आलं ते त्यांना ठाऊक नव्हतं.
कुलपाजवळची आपली गाठ पाहिली.
"बरी आहे," म्हणाले, दुसऱ्या कोणाची असावी तशी.
मग पाने उचलायला वाकलेल्या पोराकडे वळले
आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत.
"तुले मिशा केव्हा फुटल्या बे?"
हेमराज लाजून पान्यांचा डबा शोधायला गेला,
डबा त्याच्या हातातच होता.

मजुरीचे अडीचशे घेतले. एक रुपया सोडला नाही.
चष्मा काढून कांद्याशेजारी खिशात ठेवला.
मी वहीत लिहिलं: दोनशे दहा.

सकाळी काटोल नाक्याच्या अलीकडे
मी दोनदा गाडी थांबवली.
काही काढायचं नव्हतं.
नुसती उघडून पाहिली.